मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सातला,
मी नगरभवनाच्या तळघरात चाळीस खुर्च्या मांडतो.
नऊ भरतात. त्यातली एक
नुसती ऊब घ्यायला आलेल्या वेस्लीची.
त्याला कुठल्याच विषयावर काही म्हणायचं नसतं.

सहा हजार चारशे वस्तीचं शहर हे,
तांब्याच्या खाणी मिटल्यावरही
खालच्या सरोवराने आणि वरच्या बर्फाने
दोन्हीकडून धरून ठेवलेलं.
हिवाळा इथे नोव्हेंबरात येतो
आणि एप्रिलात, फार विनवण्या केल्यावर, जातो.

विषय क्रमांक चार. शिल्लक एकेचाळीस हजार डॉलर.
धक्क्यावर शोभेचे दिवे लावावेत,
की पूर्वेच्या चढावरचे फुटपाथ
बर्फातून उपसून काढावेत.
दिव्यांचं चित्र होतं, मोठं, रंगीत,
उन्हाळ्यातलं. आइस्क्रीम खाणारी माणसं,
त्यातलं एकही आमच्या ओळखीचं नाही.
फुटपाथचं चित्र कुणी काढलं नव्हतं.
काढणार कसं, पाच महिने तो दिसतच नाही.

नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.
दिव्याची कळ माझ्या हातात: हिरवा, पिवळा, लाल.
बावीस वर्षं मी माणसांना
वाक्याच्या मध्यात थांबवत आलोय.
क्लॅरेन्स पेल्टो कुत्र्यांवर बोलला,
कुत्रे विषयपत्रिकेवर नसताना.
मोटेलवाली जिओव्हाना दिव्यांच्या बाजूने:
या उन्हाळ्यातही खोल्या रिकाम्या राहिल्या
तर एका मुलीला कामावरून काढावं लागेल,
आणि ती मुलगी माझीच आहे.
मी लिहून घेतलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मग लेम्पी हातानेन उठल्या. वय ब्याऐंशी.
वॉकरला काठी बांधलेली,
काठीच्या टोकाला नारिंगी फडकं,
आम्ही गाडीच्या एरियलला बांधतो तसलं,
बर्फाच्या भिंतींआडून वळणावर गाडी कळावी म्हणून.
गाडी त्यांनी केव्हाच विकली.
आता दुकानापर्यंत रस्त्याच्या मधूनच जातात,
ट्रकांच्या पुढून, फडकं वर धरून.

माईकपाशी येऊन उभ्या राहिल्या.
हिरवा.
हातमोजे काढले, एकावर एक ठेवले टोपलीत.
चाकांत अडकलेला बर्फ वितळला,
पाण्याचा ओघळ फरशीवरून
सदस्यांच्या टेबलाकडे निघाला, सावकाश.
पिवळा.
ओयाला साहेबांनी बूट मागे घेतले.
लाल.
‘आभारी आहे,’ म्हणाल्या, आणि जाऊन बसल्या.

दिवे मंजूर. चार विरुद्ध तीन.

रात्री टाइप करायला बसलो तेव्हा हात अडला.
ठरावाचा मसुदा मला झोपेतही येतो,
पण न बोललेलं कसं लिहायचं,
हे कुणी शिकवलं नव्हतं.
शेवटी लिहिलं:
श्रीमती हातानेन, पूर्वेचा चढ. तीन मिनिटे.

पुढच्या सभेत विषय एक, नेहमीचा,
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
एरवी कॉफी कपात ओतेस्तोवर उरकतो.
ओयाला म्हणाले, बाई काही बोलल्याच नव्हत्या,
नोंद वगळावी, अशी सूचना मांडतो.
महापौर बाईंनी विचारलं, अनुमोदन?
रेडिएटर कुरकुरला.
अनुमोदन?
दिव्यांना हात वर केलेले उरलेले तिघे
आपापले कागद चाळत राहिले,
कोरी पानंसुद्धा.
तेवढ्यात मागून वेस्ली म्हणाला,
‘लिहिलंय ते राहू दे की.’
नियमबाह्य. नाव न सांगता, पत्ता न सांगता.
मी कळ दाबायची विसरलो.
मग लिहिलं: सूचना अनुमोदनाअभावी बारगळली.

फुटपाथ अजून तिथेच आहे, खाली.
धक्क्यावर दिव्यांचे खांब येऊन पडलेत,
त्यांच्यावरही दीड हात बर्फ.
सकाळी मी कचेरीत पायी निघतो,
दोन डॉलरचं फडकं बॅगेला बांधून.
चढावर भिंतींच्या वर माणसं दिसत नाहीत,
फक्त नारिंगी टोकं, हलत, थांबत,
एक फार खालून, पेल्टोच्या कुत्र्याचं असावं.
सवयीने मोजतो. सात, आठ.
वळणावर नववं.
कुत्रा धरला नाही तरी
गणपूर्ती होते.